रिटर्नेबल

गुरुवारी दहाला सिन्नरमध्ये मीटिंग.
तीन प्लांट, तीन टीम, प्रत्येकी बारा मिनिटं.
पुण्याहून साचा आलाय:
अडचण, उपाय, निष्कर्ष, वाचलेले रुपये.
शेवटची चौकट सगळ्यात मोठी.

अंबडच्या कंट्रोल रूममध्ये
रात्री दोनला मी स्लाइड भरतेय.
बॉयलर साडेदहाच्या दाबावर, शांत.
इरफान कोकणी लॉगबुकात तासाची ओळ लिहितो
आणि मान वर न करता विचारतो,
मॅडम, उत्कृष्ट पद्धत म्हणजे
आपण रोज करतो तेच ना?
हो, मी म्हणते, फक्त इस्त्री करून.

स्लाइड चार. फीड पंप नंबर दोन.
बेअरिंग जाणार हे आठ दिवस आधी कळलं.
‘कसं कळलं’ या चौकटीत
मी लिहिलं, ऑपरेटरचा अनुभव. खोडलं.
लिहिलं, ध्वनीवर आधारित पूर्वनिदान. खोडलं.
दगू निमसे असलं काही करत नाही.
तो हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेतो,
टोक बेअरिंगच्या अंगावर,
मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटतो
आणि फोनवर लांबचा कुणी पाहुणा असावा तसा
म्हणतो, हं. हं. बरं.

नेमकं काय ऐकू येतं, विचारलं होतं एकदा.
म्हणाला, घरी चिवड्याचे पोहे भाजतात का तुमच्याकडं?
आधी कढईत मुके फिरतात.
मग एकदम खुळखुळ्यासारखे वाजायला लागतात.
आमची ही तिकडं तोंड करून कांदा चिरत असते,
वळून बघत नाही,
म्हणते, उतरवा.
तसंच.

हे बारा मिनिटांत कसं बसवू?

आणि स्लाइड सात साच्यात नाहीच.
तीन वर्षांपूर्वीची रंगपंचमी,
निम्मी शिफ्ट रहाडीत उड्या मारायला गेलेली,
उरलेल्यांत मी, नवी, हुशार.
पातळी कमी, पातळी कमी, अलार्म ओरडत होता.
तो नेहमीच खोटं ओरडायचा.
चार वेळा मी बटण दाबून त्याला गप्प केलं.
पाचव्यांदा तो खरं बोलत होता.
व्हॉल्व्हपाशी माझ्याआधी दगू पोचला.
त्याच्या डाव्या मनगटाची कातडी
अजून तेवढ्याच पट्ट्यात चकाकते.
अहवालात दोन शब्द: मानवी चूक.
कुठला मानव, ते कुणी विचारलं नाही
आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतरच तर नियम आला,
इरफाननं खडूनं भिंतीवर लिहिलेला:
अलार्म जो गप्प करेल
त्यानं खाली जाऊन काचनळी डोळ्यांनी बघायची,
आणि मग सही.
तीन वर्षं झाली. एकदाही चुकला नाही.
आमच्याकडचं सगळ्यात उत्कृष्ट तेच आहे,
आणि त्याच्या खाली ‘वाचलेले रुपये’ कोरंच राहतंय.

पहाटे चारला मी मानवाच्या जागी माझं नाव टाइप केलं.
चौदा मिनिटं भरली.
मग प्लांटचा ड्रोनमधून काढलेला फोटो उडवला,
साहेबांचं स्वागतपर मनोगत उडवलं.
बारा.

सकाळी गेटवर दगू, नवा गणवेश, घडीच्या रेघा तशाच,
बगलेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.
मला हळूच म्हणाला,
तिथं बोलायचं का दाखवायचं? बोलायला मला जमायचं नाही.
सिक्युरिटीच्या टर्ले काकांनी फडकं सोडलं.
हत्यार बाहेर न्यायला पास लागतो.
वस्तू: स्क्रूड्रायव्हर. नग: एक. रिटर्नेबल.
कारण?
मी दगूकडे पाहिलं, दगूनं माझ्याकडे.
मागं गाडीनं हॉर्न दिला.

लिहा, काका, मी म्हटलं,
ऐकायला.

काकांनी शुद्धलेखनासाठी पुन्हा विचारलं
आणि लिहिलं.